अधांतरीं कडें

घरांतली वस्तु नाहींशी झाली म्हणजे पहिला संशय मांजरावर, दुसरा मुलांवर आणि तिसरा ज्याच्या त्याच्या विसराळूपणावर, असा आमच्या घरचा जुना क्रम आहे. दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत स्वयंपाकघरांतून पातेल्यांवरच्या झांकण्या नाहींशा होऊं लागल्या, तेव्हां हा क्रम प्रथमच कोलमडला. मांजर झांकणी नेत नाहीं. आणि विसराळूपणानें एक झांकणी हरवेल, चार हरवत नाहींत. पुढें एके दिवशीं बिडाचा तवा गेला. शेवटीं देवघरांतलें तांब्याचें ताम्हन पूजेच्या वेळीं जागेवर सांपडेना, तेव्हां आईनें जपाची माळ खालीं ठेवली व आमच्याकडे पाहून म्हटलें, "तुला ठाऊक आहे. सांग."

आम्हांस ठाऊक होतें. वसई गांवांतलें आमचें घर कौलारू व ऐसपैस आहे. मागें विहीर, विहिरीच्या कडेला केळीं, आणि पडवीला लागून एक खोली, जींत पूर्वीं भात व नारळ सांठवीत. त्या खोलींत दादांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, संध्याकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःस कोंडून घेई. झांकण्या तेथें होत्या. तवा तेथें होता. ताम्हनहि तेथेंच होतें. धातूचा तुकडा कसल्याहि आधाराशिवाय हवेंत तरंगत ठेवावयाचा, असा ध्यास त्या अठरा वर्षांच्या मुलानें घेतला होता. आणि त्या ध्यासास लागणाऱ्या तारेचे पैसे आमच्या खिशांतून जात होते. ही दुसरी गोष्ट मात्र दादांना ठाऊक नव्हती.

दादा आमच्याहून चार वर्षांनीं वडील. मुंबईस बँकेंत नोकरी. सकाळीं सातच्या गाडीनें जावें व रात्रीं आठास परत यावें, असा तीस वर्षांचा नेम. बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीं आली. तेव्हांपासून आमच्या घरांतील तीन पिढ्या त्या गाडीच्या वेळापत्रकावर जेवल्या-झोंपल्या आहेत. आपल्या मुलानें मोठ्या महाविद्यालयांत जाऊन अभियंता व्हावें, एवढी एकच इच्छा दादांनीं धरली होती. त्या वर्षीं प्रवेशपरीक्षेंत मुलास पुरेसे गुण मिळाले नाहींत. "आणखी एक वर्ष शिकवणी लाव व पुन्हां बैस," असें दादा म्हणाले. "मला परीक्षा नको, काम शिकायचें आहे," असें मुलगा म्हणाला. दोघेहि एकाच घडणीचे. आवाज चढले, आणि त्या दिवसापासून बापलेकांचें बोलणें थांबलें. त्यानंतर जें कांहीं बोलावयाचें तें वहिनींच्या मार्फत. "त्याला सांग, जेवायला बसायचें असेल तर वेळेवर ये." "बाबांना सांग, मला भूक नाहीं." आणि वहिनी हीं दोन्ही वाक्यें, त्यांतला कडवटपणा गाळून, इकडून तिकडे पोंचवीत. असे चार महिने गेले.

मुलाला ह्या विषयाचें वेड लागलें तें विजेच्या जुन्या मीटरमुळें. पूर्वीं घरोघर जे मीटर असत, त्यांत कांचेआड ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असे व तिच्या कडेवर एक खूण असे. लहानपणीं तो स्टुलावर उभा राहून तासचे तास ती चकती पाही. एकदां त्यानें विचारलें, "काका, तिला तर कोणतीच तार जोडलेली नाहीं. मग तिला फिरवतो कोण?" आम्ही शाळेंत गणित शिकवितों; उत्तर ठाऊक असल्याचा आव आणून आम्हीं वेळ मारून नेली व रात्रीं पुस्तक काढून बसलों.

वाचकांपैकीं कित्येकांनींही ती चकती पाहिली असेल, म्हणून तिचें रहस्य येथें सांगतों. १८२४ च्या सुमारास फ्रान्समध्यें आरागो ह्या शास्त्रज्ञाला आढळलें कीं, तांब्याची चकती होकायंत्राच्या सुईखालीं फिरविली तर सुई तिच्यामागें वळूं लागते. तांब्याला लोहचुंबक ओढीत नाहीं, हें शाळेंतल्या पोरालाहि ठाऊक. मग हा प्रकार कसला? उत्तर मिळावयास १८३१ साल उजाडावें लागलें. त्या सालीं फॅरडेनें दाखवून दिलें कीं, चुंबकत्व नुसतें असून भागत नाहीं, तें बदलावें लागतें. बदलतें चुंबकत्व जवळच्या धातूंत विजेचा प्रवाह उत्पन्न करतें. धातु सपाट व सलग असेल तर हे प्रवाह नदींतल्या भोंवऱ्यांसारखे जागच्या जागीं गरगरतात. इंग्रजींत त्यांना एडी करंट म्हणतात. आपण भोंवरी प्रवाह म्हणूं. पुढें १८३४ सालीं लेन्झनें त्यांचा स्वभाव सांगितला: ज्या बदलामुळें ते जन्मास आले, त्याच बदलास ते विरोध करतात. मीटरमधील चकतीला फिरविणारे तेच, आणि शेजारच्या कायम चुंबकाच्या योगें तिला वाजवीपेक्षां जास्त न फिरूं देणारेहि तेच.

एवढें कळल्यावर मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. हे प्रवाह विरोध करतात तर त्या विरोधावर वस्तु उचलून धरतां येईल काय? एलिहू टॉमसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८८७ सालीं हें करून दाखविलें होतें. लोखंडी गाभ्याभोंवतीं तारेचें वेटोळें, त्या गाभ्यांतच अडकविलेलें धातूचें एक कडें. उलटसुलट वाहणारा प्रवाह वेटोळ्यांत सोडतांच कडें ताडकन् वर उडालें. तेंच कडें वर न उडवितां मध्येंच तरंगत ठेवावयाचें, हा आमच्या पुतण्याचा बेत.

पहिला प्रयोग बॅटरीवर झाला. बटण दाबतांच कडें टिचभर उडालें व लगेच खालीं बसलें. कारण उघड आहे: बॅटरीचा प्रवाह सुरू होतांना काय तो बदलतो; एकदां स्थिर झाला कीं विरोध करावयास कांहीं उरत नाहीं. म्हणजे घरांतली वीज हवी, जी सेकंदाला पन्नास वेळां फेरा पुरा करते. दुसऱ्या प्रयोगांत गाभा म्हणून त्यानें जाड लोखंडी सळई घेतली. कडें जेमतेम हललें, पण सळई मात्र तापून निघाली. भोंवरे कड्यांत उठावयाचे ते सळईंतच उठले. म्हणून गाभा सलग नसावा. पातळ पत्र्यांचा किंवा रोगण दिलेल्या बारीक तारांच्या जुडग्याचा असावा, म्हणजे भोंवऱ्यांना फिरावयास जागा मिळत नाहीं. आमची दहा वर्षांची कन्या दोन दिवस तारांना रोगण लावीत बसली, आणि तिच्या परकराची जी दशा झाली तिजबद्दल आमच्या मंडळींनीं आम्हांस जें सुनावलें तें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.

तिसरा प्रयोग गौरीजेवणाच्या दिवशीं झाला. घरांत तीस पानें. मुंबईपुण्याहून आलेलीं माणसें. संध्याकाळची आरती ऐन रंगांत. मुलानें चारशें वेढ्यांचें वेटोळें करून थेट घरच्या विजेस जोडलें. एक घुरघुर, एक ठिणगी, जळक्या रोगणाचा उग्र दर्प, आणि सगळें घर अंधारांत. आरती थांबली. अंधारांत दादांचा आवाज आला, "त्याला सांग, घर जाळायचें असेल तर निदान म्हाताऱ्या माणसांना आधीं बाहेर काढ." तीस माणसांदेखत हें वाक्य उच्चारलें गेलें. मुलगा बोलला नाहीं. वहिनी बोलल्या नाहींत. आणि जी तार जळली ती आम्हीं आणून दिली होती, हें सांगण्याचें धैर्य आम्हांसहि झालें नाहीं. मुलांना शाळेंत आम्ही खरें बोलण्याचे धडे देतों. त्या रात्रीं अंधार होता म्हणून आमचें तोंड कोणास दिसलें नाहीं, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें ताम्हन घांसून-पुसून आईपुढें आणून ठेवलें. आई रागावली नाहीं. "ह्याचें काय करीत होतास?" एवढेंच तिनें विचारलें. त्यानें ताम्हन तिरपें धरलें व त्यावरून एक लहानसा पण जोरकस चुंबक सोडला. चुंबक घसरला, पण मधांतून सरकावा तसा हळूहळू. आईनें स्वतः तीन वेळां सोडून पाहिला. "चिकटत तर नाहीं," ती म्हणाली, "मग ह्याला धरतें कोण?" ऐंशी वर्षांच्या बाईनें आरागोचाच प्रश्न विचारला होता. मुलगा जमिनीवर बसून तिला अर्धा तास समजावीत होता. चार महिन्यांत घरांतल्या कोणाशींहि तो इतकें बोलला नव्हता. ताम्हन वेटोळ्यावर उचललें कां जात नाहीं, हेंहि त्यानें सांगितलें. तांबें विजेचें वाहक म्हणून ॲल्युमिनियमहून सरस, पण वजनानें तिपटीहून जड. म्हणून तरंगण्याच्या कामीं ॲल्युमिनियमच बाजी मारतें. तवा तर लोखंडाचाच. तो वेटोळ्याला जाऊन चिकटतो. स्टीलच्या झांकणींतून वीज नीट वाहत नाहीं, ती नुसती थरथरते. "म्हणजे माझ्या झांकण्या परत द्यायला हरकत नाहीं," असें वहिनी दारांतून म्हणाल्या.

त्याच संध्याकाळीं आम्ही मुलास घेऊन वसई पूर्वेच्या एका वाइंडिंगच्या दुकानीं गेलों. शेतीपंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हां भरून देणें हा तेथला धंदा. कारागीर वयस्क होता. जळकें वेटोळें हातांत घेऊन त्यानें वास घेतला व म्हणाला, "वेढे कमी पडले. तिपटीच्या जवळ न्या." आम्हांस वाटलें, तार वाढविली म्हणजे जोर वाढेल व आणखी जळेल. परंतु येथें उलट आहे. वेटोळें स्वतःच्या बदलत्या प्रवाहासहि विरोध करतें, आणि हा विरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेढे दुप्पट तर विरोध चौपट. गणिताच्या शिक्षकास हें कारागिरानें बोटांवर सांगावें, आणि सोबतच्या मुलानें मान डोलवावी, हें पाहून आमचा अभिमान थोडा उतरला आणि समाधान पुष्कळ वाढलें.

घरीं येतांना आम्हीं ठरविलें. रात्रीं दादा जेवून झोपाळ्यावर बसले असतां जवळ जाऊन म्हटलें, "दादा, ती तार मी आणून दिली होती. आधींचीहि, आणि पुढचीहि मीच देणार आहें." झोपाळा थांबला. दादा बराच वेळ विहिरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला कां सांगितलें नाहींस?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुतण्याचा कैवार घेतल्याचें समाधान आम्ही मिळवीत होतों आणि त्याची किंमत बापलेकांच्या दुराव्यांतून चुकती होत होती, हें उत्तर होतें. पण तें त्या वेळीं ओठांवर आलें नाहीं. आज येथें लिहितों.

नवें वेटोळें नवरात्रांत पुरें झालें. सुमारें एक किलो तार, एक हजार वेढे. ते कन्येनें मोठ्यानें मोजले. गाभा रोगण दिलेल्या तारांचा, वीतभराहून थोडा उंच. कडें ॲल्युमिनियमच्या नळीचें कापून काढलेलें, बोटाच्या पेरापेक्षांहि लहान. ह्या खेपेस मधें स्वतंत्र फ्यूज, जोडण्या झांकलेल्या, आणि एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक वीज न देण्याचा नियम. घरच्या विजेशीं हा खेळ जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून कोणीं करूं नये, हें वाचकांच्या घरांतील मुलांना आवर्जून सांगतों.

त्या दिवशीं सुटी होती. दादा पडवींत वर्तमानपत्र वाचीत होते. आंतून कन्येची किंकाळी ऐकूं आली व ते धांवत आले. किंकाळी आनंदाची होती. गाभ्याच्या मध्यावर, खालीं कांहीं नसतां व वर कांहीं नसतां, तें कडें गुणगुणत तरंगत होतें.

दादा दारांत उभे राहिले. मुलानें वीज बंद केली, कडें पाण्यांत बुडवून गार केलें, पुन्हां गाभ्यांत घातलें, आणि खालीं मान घालून आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "दादा, बोटांनीं तें दाबून धरा. झटका लागत नाहीं." कड्यांत विजेचा दाब पाव व्होल्टाहूनहि कमी असतो, प्रवाह मात्र शेंकडों अँपिअरचा. दादांनीं दोन बोटें ठेवलीं. वीज आली. त्यांच्या चेहऱ्यावर जें उमटलें तें आम्हीं लहानपणानंतर पाहिलें नव्हतें. "अरे, हें ढकलतें आहे!" त्यांनीं जोर केला, कडें खालीं गेलें, सैल सोडलें, वर आलें. पांच-सहा सेकंद असे गेले आणि त्यांनीं एकदम हात काढला. बोटें पोळलीं होतीं.

"हें तापतें कशानें?" दादांनीं विचारलें. प्रश्न आम्हांस नव्हता. वहिनींच्या मार्फतहि नव्हता.

मुलगा क्षणभर थांबला, मग बोलूं लागला. प्रवाह कड्यांतून फिरतो, धातु त्याला अडवितो, त्या अडवणुकीची ऊब होते. तरंगत राहण्याची ती किंमत आहे. वीज देणें बंद केलें कीं दोन्ही थांबतात, तरंगणें व तापणें. दादांनीं आणखी विचारलें, "वीज तर सेकंदाला पन्नासदां उलटसुलट होते, मग तें अर्धा वेळ ओढलें कां जात नाहीं?" बँकेंत हिशेब तपासण्यांत जन्म गेलेला माणूस, जमा-खर्च त्यानें बरोबर पकडला. मुलाचे डोळे चमकले. "ओढलें जातें बाबा! कड्यांत नुसता रोध असता तर ओढणें आणि ढकलणें सारखें झालें असतें, शिल्लक शून्य. पण कड्यांतला प्रवाह थोडा उशिरानें चालतो. त्या उशिरामुळें ढकलण्याचा वेळ वाढतो आणि ओढण्याचा कमी होतो. म्हणून पातळ वर्खाचें कडें उडत नाहीं. त्याचा रोध फार, उशीर थोडा." बर्फांत थंड केलेलें कडें अधिक उंच कां उडतें, हेंहि त्यानें करून दाखविलें, थंडीनें धातूचा रोध कमी होतो.

मग प्रश्नांना खळ राहिला नाहीं. सपाट थाळी तरंगेल काय? एका वेटोळ्यावर ती बाजूला निसटून पडते. परंतु दोन वेटोळीं एकांत एक ठेवून त्यांत उलट दिशांनीं प्रवाह सोडले तर चुंबकत्वाची जणूं वाटीच तयार होते व थाळी तींत बसते. विरारवरून जी मुंबई-अहमदाबाद वेगवान गाडी नेण्याचें काम चाललें आहे ती अशीच तरंगणार काय? "नाहीं बाबा, ती चाकांवरचीच. पण जपानांत वेगळी एक गाडी आहे. गाडींत अतिवाहक चुंबक, दोन्ही बाजूंच्या भिंतींत वेटोळीं. गाडीनें वेग घेतला कीं वेटोळ्यांत असेच प्रवाह उठतात आणि ती उचलली जाते. २०१५ सालीं ती ताशीं ६०३ किलोमीटर धांवली." त्याच्याहि पूर्वीं, १९१४ सालीं, बाशले नांवाच्या संशोधकानें लंडनमध्यें तळाशीं ॲल्युमिनियमचा पत्रा असलेल्या तरंगणाऱ्या गाडीची प्रतिकृति दाखविली होती, मोठमोठे लोक पाहून गेले, त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. दादा बोटांवर थंड पाणी घेत ऐकत होते. जेवणाची वेळ टळली तरी वहिनींनीं कोणास हांक मारली नाहीं.

शिकवणीचा विषय त्यानंतर दादांनीं काढला नाहीं असें नाहीं. काढला, पण मुलाशींच काढला. वाद झाला, आठ दिवस चालला. मात्र तो दोघांमध्यें होता, तिसऱ्याच्या खांद्यावरून नव्हता. आज मुलगा तंत्रनिकेतनांत विद्युत् अभियांत्रिकी शिकत आहे आणि सुटीच्या दिवशीं त्या वाइंडिंगच्या दुकानीं बसतो. दादांची इच्छा पुरी झाली असें म्हणतां येणार नाहीं. ती अजून त्यांच्या मनांत आहे, आणि मुलालाहि तें ठाऊक आहे.

कडें आतां देवघराशेजारच्या फडताळांत असतें. पाहुणे आले कीं प्रयोग होतो आणि लोक म्हणतात, "वा! कांहीं आधार नसतां कसें तरंगतें!" असें कोणी म्हणालें कीं आमचें लक्ष नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे जातें. त्या चार महिन्यांत हें घर मोडलें नाहीं, पानें मांडलीं गेलीं, सण झाले, आरत्या झाल्या. बाहेरून पाहणारास तेंहि निराधार तरंगल्यासारखेंच दिसलें असेल. त्या दिवसांत वहिनी रात्रीं उशिरापर्यंत जाग्या असत, हें आम्हांस आमच्या मंडळींकडून पुष्कळ नंतर कळलें. एकदां आम्हीं तसें त्यांना बोलून दाखविलें. त्या हंसल्या व म्हणाल्या, "भावोजी, आतां तें सोडा. चौथी झांकणी अजून मिळाली नाहीं, ती आधीं शोधून द्या."

ती आम्ही अजून शोधीत आहों.